वेग तोच, धडका जास्त

शाळेत मुलं मला कुकर म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. पण मी वर्गाच्या दाराशी पोचलो की आतून कुणीतरी हळूच शिट्टी वाजवतं आणि मग सगळे चिडीचूप होतात. एवढ्यावरून ओळखायला विज्ञानाचा शिक्षक असायची गरज नाही. माझा पारा चढतो, कान लाल होतात, आवाज बारीक होत होत शेवटी नुसती वाफ उरते. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा आठवडाभर मी घुश्शात होतो. पुढे मात्र मला त्याचा जरा तोराच चढला, कारण वायूंचा धडा हा माझा हुकमी धडा.

तो धडा मी पुस्तक न उघडता शिकवायचो. तापमान वाढलं की रेणू सैरावैरा धावतात, हे सांगताना मी स्वतः टेबलाभोवती धावायचो. आणि जागा कमी केली की दाब का वाढतो, हे सांगायची वेळ आली की माझं ठेवणीतलं वाक्य बाहेर यायचं.

"अरे, लिफ्टमध्ये चारच्या जागी बारा जण कोंबले तर माणूस चिडतो की नाही? तसाच रेणूही चिडतो. चिडला की वेग वाढतो. वेग वाढला की भिंतीवर जोरात आदळतो. झाला दाब!"

मुलं हसायची. मी हसू ओसरेपर्यंत थांबायचो, खडू हवेत उडवून झेलायचो आणि म्हणायचो, "लिहून घ्या." हे मी सव्वीस वर्षं केलं. खडू एकदाही खाली पडला नाही. बाकी सगळंच चुकत होतं, हे मला यंदा कळलं. तेही भर मैदानात, पाहुण्यांच्या देखत.

झालं असं, की शाळेची तपासणी होती. आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, प्रत्येकाला एकेक उपक्रम दाखवायला सांगितला. बाकीच्यांनी तक्ते लावले. मला तक्ता कसला पुरतोय! मी नववीचा अख्खा वर्गच रेणू करायचं ठरवलं. मैदानावर फक्कीने मोठा चौकोन आखला. तीन बाजू फक्कीच्या आणि चौथी बाजू दोरीची, म्हणजे ती भिंत पुढेमागे सरकवता येईल. पीटीचे सर बँडमधला मोठा ड्रम घेऊन उभे राहिले. ड्रमच्या ठोक्याला प्रत्येक रेणूने एक पाऊल टाकायचं, सरळ चालायचं, भिंत लागली की वळायचं. दोरीला जो धडकेल त्याने "धप्प" ओरडायचं. अर्ध्या मिनिटात किती धप्प होतात ते मोठ्या बाई मोजणार होत्या. ड्रम म्हणजे तापमान, हे मी सगळ्यांना तीनतीनदा सांगितलं होतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो, इतक्या ठासून सांगितलं होतं.

दोरीचं एक टोक शिपाईकाकांनी धरलं. दुसरं टोक तपासणीला आलेल्या साहेबांनी आपणहून मागून घेतलं. "आम्हीही भिंत होऊ की जरा," असं म्हणून ते हसले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पहिला भाग झकास झाला. ड्रम संथ, रेणू संथ. ड्रम जलद, रेणू जलद. धप्प-धप्प-धप्प असा गलका उडाला. साहेबांना इतका आनंद झाला की ते स्वतःच एकदोनदा धप्प म्हणाले. मग मी हात वर केला, ड्रम पुन्हा संथ करायला लावला आणि जाहीर केलं, "आता तापमान तेच. फक्त जागा निम्मी!"

शिपाईकाका आणि साहेब दोरी घेऊन आत सरकले. ड्रम वाजत होता, मुलं त्याच ठोक्याला पाऊल टाकत होती, जवळ आलेल्या दोरीला भराभर धडकत होती. सगळं आपोआप, छान चाललं होतं. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मला रेणूंचा राग दिसेना.

"अरे, पळा!" मी ओरडलो. "जागा कमी झाली ना? वेग वाढवा!"

पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी तिथेच थांबली. मागून येणारे दोन रेणू तिला धडकले. तिने शांतपणे विचारलं, "सर, ड्रम तर तोच वाजतोय."

"मग?"

"ड्रम म्हणजे तापमान ना? तापमान तेच आहे. मग आम्ही पळायचं कशाला?"

"कारण जागा कमी झाली! चिड जरा!"

"कुणावर चिडू?"

मैदानावर हशा पिकला. माझे कान तापले, पहिली शिट्टी झाली. "पळा म्हणतो ना!" मी किंचाळलो. निम्मे रेणू माझं ऐकून पळायला लागले, निम्मे ड्रमचं ऐकून चालत राहिले. त्यातला एक चांगला अंगापिंडाने भरलेला रेणू मान खाली घालून सुसाट निघाला तो थेट दोरीत. शिपाईकाका अनुभवी, त्यांनी दोरी सोडून दिली. साहेब नवखे, त्यांनी घट्ट धरली. भिंत बूड टेकून जमिनीवर बसली. मी त्यांना उचलायला धावलो आणि दोन चिडलेल्या रेणूंनी मला आडवं पाडलं. पॅन्ट गुडघ्यावर फाटली. पीटीचे सर एवढे शिस्तीचे, की थांबायला कुणी सांगितलं नाही म्हणून ड्रम वाजवतच राहिले.

साहेबांनी जाताना शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'उपक्रम उत्साही.' कपडे झटकून मग पुढे लिहिलं, 'फार.'

ऑफिसात मोठ्या बाई माझ्या गुडघ्याला औषध लावायला कापूस देत म्हणाल्या, "सर, एक विचारू? तुम्ही पळा म्हणायच्या आधीच माझी मोजणी झाली होती. आधी एकोणीस धप्प झाले होते. दोरी आत आल्यावर सदतीस. मुलं तर तशीच चालत होती. मग पळवलंत कशाला?"

मोठ्या बाई भाषा शिकवतात. विज्ञानाशी त्यांचा संबंध दहावीनंतर तुटलेला. त्यांनी नुसतं मोजलं होतं. मी सव्वीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं.

"ते जरा सखोल आहे, बाई," मी म्हणालो आणि लंगडत बाहेर पडलो.

घरी येऊन पाठ्यपुस्तक शोधलं. माझं स्वतःचं पुस्तक कुठल्याशा कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली होतं. कपाट तिरकं करून ते ओढून काढलं आणि धूळ झटकून धडा उघडला. बायको नुकतीच कामावरून आली होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना "आता दिसतंय का?" विचारून विचारून घरातही तिची तीच सवय. माझ्या खांद्यावरून वाकून तिने मोठ्याने वाचलं, "'तापमान स्थिर असल्यास रेणूंच्या सरासरी वेगात बदल होत नाही. आकारमान कमी झाल्यामुळे रेणू भिंतीवर अधिक वेळा आदळतात व दाब वाढतो.' बरोबर आहे की. तुम्ही असे काय बघताय?"

"छपाईची चूक असेल."

"अहो, दोन ओळी सरळ सरळ छापल्यात. आता दिसतंय का?"

दिसत होतं. तरी मी आणखी दोन जुनी पुस्तकं काढली. तिन्ही पुस्तकांनी माझ्याविरुद्ध कट केला होता. कोंबल्यामुळे रेणूला ना राग येतो ना लोभ. तो आपल्या चालीने चाललेला असतो. भिंत जवळ आली म्हणून तो तिला पुन्हा पुन्हा भेटतो, एवढंच. राग मला यायचा, आणि तो मी त्या बिचाऱ्याच्या अंगाला चिकटवला होता.

"मग सांगा मुलांना, चुकलं म्हणून," बायको म्हणाली. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे तिला माहीत नव्हतं. मला मात्र चहाचा कप हातात घेताना ते आठवलं आणि कप तसाच खाली ठेवावा लागला.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. सडपातळ, हात कायम वर. वायूंचा धडा चालू असतानाच तिने दोनदा विचारलं होतं, "पण सर, रेणूला कळतं कसं, जागा कमी झाली ते?" मी तिचं नाव ठेवलं शंकासुर. वर्गाने ते डोक्यावर घेतलं. मग परीक्षेत प्रश्न आला, 'तापमान स्थिर ठेवून वायूचे आकारमान निम्मे केल्यास दाब का वाढतो?' साऱ्या वर्गाने माझा चिडका रेणू लिहिला आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. तिने एकटीने लिहिलं, 'वेग तोच राहतो, धडका जास्त होतात.' मी त्यावर लाल रेघ मारली. तेवढ्यावर थांबलो नाही. पेपर वाटताना तिला उभं केलं, उत्तर मोठ्याने वाचायला लावलं आणि विचारलं, "बाई, पुस्तक तुम्ही लिहिलंत की काय?" वर्ग खो-खो हसला. तिने हात वर केला. मी म्हणालो, "हात खाली कर."

पुस्तक तिने लिहिलं नव्हतं. फक्त वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गावर गेलो. आतून शिट्टी वाजली, मी ऐकलं न ऐकलंसं केलं. फळ्यासमोर उभा राहून म्हणालो, "काल जे घडलं, त्यात चूक माझी होती. पहिल्या बाकावरून जी शंका आली, ती बरोबर होती. मी चुकीचं शिकवलं." मला वाटलं होतं, वर्ग हेलावून जाईल. निदान एखादा तरी उसासा टाकेल. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग घटक चाचणीत ज्यांनी तुमच्यासारखं लिहिलं, त्यांचे गुण कापणार का?" त्यावरून वर्गात दोन तट पडले आणि तास संपेपर्यंत सत्याची आठवणही कुणाला राहिली नाही. पहिल्या बाकावरची तेवढी माझ्याकडे बघून किंचित हसली आणि पुढचा धडा उघडून बसली.

बाकीच्या हजारो मुलांचं काय करणार? त्यांच्यातल्या बहुतेकांनी रेणू शाळेच्या फाटकातच सोडून दिला असणार, ही माझी खात्री होती आणि तोच माझा दिलासा होता. पण शंकासुराला शोधायला हवं होतं. शाळेच्या कारकुनांना विचारलं. ते गावभरची खबर ठेवतात. "ती होय? ती गॅसच्या प्लांटवर आहे. सिलेंडर भरतात ना, ऑक्सिजनचे, तिथे सुपरवायझर," त्यांनी मान वरही न करता सांगितलं आणि नंबर लिहून दिला.

ऑक्सिजन. वायू. दाब. मी खुर्चीत बसलो.

फोन केला. नाव सांगितल्यावर पलीकडून आवाज आला, "हां, सर! बोला ना." मी घसा खाकरला. आता सांगणार, इतक्यात तीच म्हणाली, "सहल आणायचीय का मुलांची? परवा एक शाळा येऊन गेली."

"हो," मी म्हणालो. "सहलच." एवढा मोठा माणूस, सव्वीस वर्षांची नोकरी, आणि तोंडातून निघालं ते हे.

"मग आधी तुम्ही एकटे येऊन बघून जा. शनिवारी सकाळी या. पायात बूट हवेत."

शनिवारी मी ठेवणीतला शर्ट घातला, बूट चकचकीत केले, डोक्याला भरपूर तेल लावून भांग पाडला. माफी मागायला जाताना माणूस नीटनेटका दिसावा, एवढाच हेतू. बसने शहराबाहेर उतरलो. पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यामागे पांढरी उंच टाकी, फाटकावर रखवालदार. त्याने माझा मोबाइल काढून घेतला. काडेपेटी आहे का, विचारलं. मग आतून ती आली. निळा गणवेश, जाड बूट, कानावर पेन. हात खाली होते. मी तिला "तू" म्हणावं की "तुम्ही", या घोळात "आपण... तू... बऱ्या आहात ना?" असं काहीतरी बोलून गेलो.

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "सर, तेल लावलंय?"

"थोडंसं."

"ऑक्सिजनजवळ तेल-ग्रीस अजिबात चालत नाही. दाबाखाली असलेल्या ऑक्सिजनला तेलाचं एवढंसं बोट लागलं तरी पेट घेऊ शकतं." तिने मला नळापाशी नेलं, साबणाने दोनदा हात धुवायला लावले, आणि केस झाकायला एक निळी टोपी दिली. टोपीला कानाशी रबर होतं. मी त्या टोपीत दुधीसारखा दिसत होतो. बाजूच्या पत्र्यात माझं मला दिसलं.

शेडमध्ये सिलेंडर साखळीने बांधून ओळीने उभी केली होती, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. प्रत्येकाच्या डोक्याला एक नळी, सगळ्या नळ्या एका जाड पाइपला जोडलेल्या, आणि पाइपावर दाब दाखवणारं मोठं गेज. भरणं सुरूच होतं. बारीक सुसकारा ऐकू येत होता आणि गेजचा काटा मुंगीच्या चालीने वर सरकत होता. ती एकेका सिलेंडरच्या अंगावरून तळहात फिरवत चालली होती, जसं कुणी तापकऱ्याच्या कपाळावरून फिरवावा.

"हे काय करतेस?" मी विचारलं. तेवढ्यापुरता "तू" वर आलो होतो.

"गरम लागतंय का ते बघते. आत वायू जात असला की सिलेंडर कोमट होतं. एखादं गारच राहिलं, तर समजायचं, त्याच्यात काही जात नाहीये. व्हॉल्व्ह अडकलेला असतो. गेज सगळ्यांचं मिळून एक, त्यावर कळत नाही. मग ते रिकामं सिलेंडर भरलेलं म्हणून दवाखान्यात जाऊ शकतं." तिने पलीकडची ओळ दाखवली. "तुम्ही तिकडून बघत या. हाताने कळतं."

मी कामाला लागलो. पहिलं कोमट. दुसरं कोमट. तिसऱ्यावर हात ठेवला, आणि तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून की काय, मला एकदम धीर आला.

"मी सहलीसाठी आलेलो नाही," मी म्हणालो.

"हं?"

"तू नववीत असताना एक पेपर होता. वायूंचा. तापमान स्थिर, आकारमान निम्मं. तू लिहिलं होतंस, वेग तोच राहतो. मी रेघ मारली. सगळ्यांसमोर तुला वाचायला लावलं. तुझं बरोबर होतं. माझं चूक होतं. एकोणीस वर्षं... म्हणजे त्याआधीही... पण तुझ्या बाबतीत एकोणीस..." शब्द असे बदाबदा पडायला लागले. मी बोलतच सुटलो. लिफ्ट सांगितली, मैदान सांगितलं, साहेब बूड टेकून बसले तेही सांगितलं. ती वळून माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, तिचे डोळे भरून येणार.

"सर," ती म्हणाली, "तुमचा हात कशावर आहे?"

"अं? सिलेंडरवर."

"किती वेळ झाला?"

"झाले असतील तीन-चार मिनिटं."

"गरम लागतंय का गार?"

मी हाताकडे पाहिलं. "गार."

"मग सांगायचं ना!" ती तीन ढांगांत माझ्यापाशी पोचली, मला बाजूला सारलं, सिलेंडरला हात लावला आणि ओरडली, "बंद करा! नऊ नंबरात जात नाहीये!" दोन कामगार धावत आले. मुख्य व्हॉल्व्ह बंद झाला, सुसकारा थांबला. नऊ नंबरची नळी सोडवली, सिलेंडर ओळीतून काढून बाजूला तिरकं फिरवत नेलं, त्यावर लाल चिठ्ठी बांधली. जाम झालेला व्हॉल्व्ह. मी टोपी सावरत भिंतीला टेकून उभा होतो. माफी मागायला आलो आणि आणखी एका माफीची सोय करून ठेवली.

मग तिने मला त्यांच्या जेवायच्या खोलीत बसवलं, चहा आणला. समोर बसून म्हणाली, "ती गुणांची गोष्ट मी विसरले होते, सर. खरंच. घरी आले, पुस्तकात बघितलं, माझं बरोबर होतं, विषय संपला."

मला हायसं वाटायला लागलं होतं.

"पण तुम्ही 'हात खाली कर' म्हणालात, ते लागलं. पुढे दोन वर्षं मी कुठल्याच तासाला हात वर केला नाही. अकरावीत भौतिकशास्त्र समजेना, तरी विचारलं नाही. मग राहिलंच ते." तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बस किती वाजता सुटते हे सांगावं, तसं सांगितलं. "इथे लागले तेव्हा जुने सुपरवायझर होते. ते मलाच विचारायचे, तुला काय वाटतं? तेव्हा कुठे परत तोंड उघडलं."

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी काय केलं असेल? चहाचा घोट घेतला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"पण काय गं," मी म्हणालो, "ते सिलेंडर गरम होतं ना? म्हणजे आतल्या रेणूंचा वेग वाढतो. कोंबल्यामुळेच वाढतो! म्हणजे मी तसा अगदीच..."

ती हसायलाच लागली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डोळे भरून आले ते असे.

"सर, तुम्ही माफी मागायला आलात ना?"

"हो."

"मग ऐका. भरताना मागून येणारा वायू आतल्याला दाबत जातो. त्या रेट्यात रेणूंना वेग मिळतो, म्हणून सिलेंडर तापतं. तेवढं तुमचं खरं. पण तेच सिलेंडर दुपारी बघा. बाहेरच्या हवेइतकं गार झालेलं असतं. जागा तीच, रेणू तितकेच, एकही बाहेर गेलेला नाही. वेग मात्र उतरलेला, आणि काटाही खाली. नवी माणसं घाबरतात, गळती झाली म्हणतात. म्हणून आम्ही दाब लिहिताना शेजारी तापमान लिहितोच." तिने कप बाजूला सरकवला. "तुमच्या प्रश्नात 'तापमान स्थिर ठेवून' असं होतं की नव्हतं?"

"होतं."

"कुणी घातला होता तो प्रश्न?"

"मीच."

"मग?"

"मग माझंच चुकलं," मी म्हणालो. या वेळी पुढे काही जोडलं नाही. मला वाटतं, खरी माफी तेवढीच होती. आधीचं सगळं भाषण.

तिने मान हलवली. माफ केलं, असं काही म्हणाली नाही. रिकामा कप उचलत म्हणाली, "माझ्याकडे नऊ नवी माणसं आहेत. कामाला चोख आहेत, पण हात का लावायचा, काटा का उतरतो, हे पाठ करून बसलीत. पाठ केलेलं माणूस विसरतं. तुम्ही येता का शिकवायला? महिन्यातून एक शनिवार. मी मागे बसणार."

"मी? एवढं सगळं ऐकून?"

"आता तुम्ही पुस्तक वाचून याल," ती म्हणाली.

मी वाचून गेलो. तिन्ही पुस्तकं, शिवाय बायकोने "आता दिसतंय का" करत समोर बसून उजळणी घेतली. जेवायच्या खोलीत फळा नव्हता, लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने लिहायचं. समोर नऊ जण, मागच्या खुर्चीवर ती, हाताची घडी घालून.

लिफ्ट काढली नाही. त्यांच्याच सिलेंडरवरून सुरुवात केली. तापमान म्हणजे रेणूंची धावपळ, जागा म्हणजे भिंत किती लांब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. धावपळ वाढली तर धडका जोरात आणि जास्त. नुसती भिंत जवळ आली तर जोर तोच, धडका जास्त. माना हलत होत्या. एकाने विचारलं, उन्हात ठेवलेल्या सिलेंडरचा काटा का चढतो, आणि दुसऱ्यानेच त्याला बरोबर उत्तर दिलं. मला खडू उडवून झेलायची हुक्की आली. मी दाबली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर आला. गाडीवर सिलेंडर चढवायला नुकतेच लागलेले, पांढऱ्या मिशांचे एक मामा होते. माझ्याहून वयाने मोठे.

"गुरुजी," ते म्हणाले, "ते रेणू दिवसरात्र भिंतीवर डोकं आपटतात म्हणता. मग ते दमत कसे नाहीत?"

सगळे हसले. मीही हसलो आणि तोंड उघडलं. म्हणणार होतो की धडक लवचीक असते, वेग वाया जात नाही. पण ते बोलायच्या आधीच मला ऐकू आलं, की मामा पुढे विचारणार, "का?" चेंडू टाकला तर चार उड्यांत थांबतो, मग हाच का थांबत नाही? रेणूला दमणं म्हणजे नक्की काय, थांबलेल्या चेंडूचा वेग जातो कुठे? त्याचं धड, सरळ, मामांच्या गळी उतरेल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते पुस्तकातलं वाक्य मीही पाठच केलं होतं.

कान तापले. मागच्या खुर्चीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"मामा," मी म्हणालो, "प्रश्न चांगला आहे. मला आत्ता नीट सांगता येणार नाही."

खोलीत कुणाला काही वाटलं नाही. मामांनी मिशीवरून हात फिरवला. "असू द्या," ते म्हणाले, "पण मला वाटतं, चेंडू थांबतो तेव्हा तो जमिनीला तापवत असणार थोडाथोडा. माझा नातू दिवसभर आपटत असतो, चेंडू चांगला गरम लागतो हाताला."

मागच्या खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. ती उठून कपाटापाशी आली आणि खडूसाठी हात पुढे केला. मी खडू तिला दिला आणि मामांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलो.